कोर्ट उठेपर्यंत

मी जज नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या तीन महिन्यांत हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता म्हणताना माझं मलाच खरं वाटेनासं झालंय. मी नळखात्यात कारकून आहे. खिडकी क्रमांक चार. ज्यांच्या नळाला पाणी येत नाही ते माझ्याकडे येतात. मी अर्ज घेतो, शिक्का मारतो आणि आतल्या टेबलावर सरकवतो. पुढं त्याचं काय होतं ते मला माहीत नाही आणि विचारायची आमच्याकडे पद्धतही नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र मी जज असतो. काळा झगा, डोक्यावर पांढरा टोप, हातात लाकडी हातोडा. आमच्या नाटकमंडळीच्या खटल्याच्या नाटकात.

लोकांच्या घरात बापाकडून जमीन येते, नाहीतर दमा येतो. आमच्याकडे हे नाटक आलं. परक्यांचं राज्य होतं तेव्हा वडिलांच्या एका शाळामास्तर मित्रानं ते लिहिलं. गोष्ट अगदी सरळ. एका म्हाताऱ्याची विहीर सरकार छावणीसाठी घेतं. म्हातारा कोर्टात जातो. साक्षीदार येतात, सगळे त्याच्या बाजूनं बोलतात. शेवटी परका जज नाक मुरडून म्हणतो, "अर्ज फेटाळण्यात येत आहे," आणि हातोडा तीनदा आपटतो. झालं, नाटक संपलं. तो जज म्हणजे माझे वडील. गोरा साहेब दिसावा म्हणून तोंडाला पावडरचा हा एवढा थर लावून बसायचे. एका प्रयोगाला लोक असे भडकले की एक दगड आला तो थेट वडिलांच्या कपाळावर. पावडरीतून रक्त खाली ओघळलं, पण त्यांनी वाक्य पुरं केलं, तीन ठोके मारले आणि मगच आडवे झाले. ती खोक ते पुढं जन्मभर पाहुण्यांना दाखवायचे. म्हणायचे, "दगड बसला म्हणजे नाटक पोचलं."

त्या दिवसापासून मंडळीत एक नियम झाला. जजचा तिसरा ठोका पडेपर्यंत कुणी भूमिका सोडायची नाही, पडदेवाल्यानं दोरीला हात लावायचा नाही आणि दारावरच्या माणसानं दार उघडायचं नाही. कोर्ट उठेपर्यंत सगळे कोर्टात. आमचे दारावरचे काका वडिलांच्या वेळचे. सत्तरी ओलांडली, एका कानानं ऐकू येत नाही, पण नियमाला असे पक्के की एकदा एका माणसाला लघवीची घाई होती, त्यालाही त्यांनी सोडलं नाही. पुढचं सांगत नाही.

मग आपलं राज्य आलं. आपल्या सरकारला हे नाटक फार आवडलं. दर वर्षी स्वातंत्र्यदिनाला मोठ्या सभागृहात प्रयोग, पहिल्या रांगेत मंत्री. पण आता पावडर लावलेला जज दिसला की लोक खदखदून हसायचे. एका वर्षी वडिलांना पदक मिळालं. ते घरी आले आणि तोंड पाडून बसले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"आज कुणी काही फेकलं नाही."

"मग कपाळ वाचलं की! जेवा आता."

ते जेवले नाहीत. मी तेव्हा लहान होतो. पदक मिळाल्यावर माणूस उपाशी का झोपतो, ते मला कळलं नाही. आता थोडं कळतं, पण सांगता येत नाही.

वडिलांनंतर झगा माझ्या अंगावर आला. मी वीस वर्षं पावडर लावली, वीस वर्षं लोक हसले, कुणाचं काही बिघडलं नाही. मग माझी मुलगी नाटकाचं शिक्षण घेऊन आली आणि आमची दिग्दर्शक झाली. घरी मला 'बाबा' म्हणते, तालमीत 'जजसाहेब' म्हणते, बोलणी मात्र दोन्हीकडे सारखीच बसतात. पहिल्याच तालमीत तिनं माझ्या हातातला पावडरचा डबा काढून घेतला.

"पावडर कशाला, बाबा? मास्तरांनी ज्या विहिरीवरून हे लिहिलं ती अजून छावणीतच आहे. आता छावणी आपली आहे, एवढाच काय तो फरक."

"अगं, पण मग जज कोण?"

"तुम्हीच. आपलाच माणूस."

मला ते पटलंही आणि पटलं नाहीही. पावडरीशिवाय पहिल्यांदा आरशासमोर उभा राहिलो तर झग्यात मीच, नळखात्याचा. त्या प्रयोगाला कुणी दगड मारला नाही आणि कुणी हसलंही नाही. सगळे नुसते बसून राहिले. मुलगी म्हणाली, लोक विचार करतायत. मला वाटलं, झोपलेत.

तेवढ्यावर तिचं समाधान होईना. तिनं शेवटी एक नवा प्रसंग घातला. म्हाताऱ्याचा अर्ज फेटाळला की जजनं प्रेक्षकांकडे बघून विचारायचं, "आणखी कुणाचा अर्ज आहे?" ज्याला वाटेल त्यानं वर यायचं, काय हवं ते मागायचं. आणि मी काय करायचं? सगळ्यांना नाही म्हणायचं. कुणी काही मागू दे, माझं वाक्य एकच. "लोकांना चीड आली पाहिजे," ती म्हणाली. "चिडले की बोलतील, बोलले की नाटकाचं काम झालं." दोन-तीन ठिकाणी हे बरं चाललं. एका टकल्यानं डोक्यावरचे केस परत मागितले, अर्ज फेटाळला. एकानं सासूची बदली मागितली, तोही फेटाळला. लोक ओरडले, हसले, नंतर थोडी चर्चाही झाली. मी म्हटलं, चला, निभावलं.

मग एका बाजारपेठेच्या गावचा प्रयोग लागला. आमच्या शहरापासून बसनं दोन तास. खर्च सरकारच्या माहितीखात्याचा, जीप त्यांची, भित्तिपत्रकंही त्यांनीच छापली. आता माहितीखात्यातल्या कुणा शहाण्यानं त्यावर मोठ्या अक्षरात काय छापावं? 'जनतेचं कोर्ट आपल्या गावी. आपल्या तक्रारी घेऊन या.' वर सरकारी मुद्रा. नाटकाचं आणि आमच्या मंडळीचं नाव खाली मुंगीएवढ्या अक्षरात. आम्ही सरकारी जीपमधून उतरलो. गाडीवाल्यांच्या संघटनेचं सभागृह गच्च भरलेलं. मला वाटलं, वा, काय रसिक गाव आहे! मुलगीही खूश झाली. आमच्या दोघांच्या अकलेचं असं आहे, एक झाकावी आणि दुसरी काढावी.

मी विचारलं, "आणखी कुणाचा अर्ज आहे?" आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. पस्तिशीची असेल. भराभर पायऱ्या चढून आली, पण पिंजऱ्यात उभी राहिली ती हात कठड्यावर घट्ट दाबून.

"साहेब, मी काजं करते. शिंप्यांच्या शर्टांना काजं. काजाची मशीन माझी आहे, लग्नाच्या आधी मी माझ्या कामातून घेतलेली." तिनं सभागृहाच्या उघड्या खिडकीबाहेर बोट केलं. रस्त्यापलीकडे एक दुकान होतं, त्याच्यावर खोली, खोलीला हिरवी खिडकी. "ती माझी खोली. माझ्या नवऱ्यानं स्वतः पत्रे चढवले तिच्यावर. तो गेल्या वर्षी गेला. दीर म्हणतो, खोली भावाची, म्हणजे आता माझी. गेल्या आठवड्यात त्यानं दाराशी उभं राहून मला खाली उतरवलं. मशीन आत आहे. मी आणि माझी मुलगी बाहेर आहोत. मला माझी खोली द्या."

सभागृहात कुणी हसलं नाही. कुणी ओरडलंही नाही. मी मुलीकडे बघितलं, ती विंगेत उभी होती, तिचे डोळे चमकत होते. तिला वाटत होतं, आता! आता चीड येणार!  ही बाई गंमत करत नव्हती, हे मला मात्र तिथंच कळलं. शपथेवर सांगतो, कळलं. पण मला येत होतं एकच वाक्य, आणि चाळीस वर्षं आमच्या घराण्यात त्या जागी तेच वाक्य येतं.

"अर्ज फेटाळण्यात येत आहे," मी म्हणालो, आणि तीन ठोके मारले.

आम्ही लोकांच्या चिडण्याची वाट बघत राहिलो. लोक उठले आणि चपला शोधत घरी गेले.

दहा दिवसांनी ती बाई, भित्तिपत्रकावरच्या मुंगीएवढ्या नावावरून माझा माग काढत, खिडकी क्रमांक चारसमोर उभी. मी मान खाली घालूनच हात पुढं केला. "अर्ज द्या."

"निकालाची नक्कल पाहिजे, साहेब."

मी वर बघितलं आणि माझ्या हातातला शिक्का शाईच्या गादीवरच राहिला. "अहो ताई, कसली नक्कल! ते नाटक होतं!"

"मला माहीत आहे नाटक होतं."

"मग?"

"माझ्या दिरालाही माहीत आहे. तुम्ही गेलात आणि तो चौकात उभा राहून म्हणाला, चारशे लोकांसमोर निकाल लागला. त्याच दिवशी सासूनं खोलीला कुलूप लावलं. आता कुणी शिंपी मला दुसरीकडेही जागा देत नाही. म्हणतात, कोर्टात हरलेली बाई. खऱ्या कोर्टात अर्ज दिला तर निकाल लागेपर्यंत माझी मुलगी आजी होईल." तिनं खिडकीच्या फळीवर हात ठेवला. बोटांची टोकं सुईनं खडबडीत झालेली. "मी वर कशाला आले होते, सांगू? तुमचा चेहरा हो म्हणणाऱ्या माणसाचा वाटला."

रांगेतला मागचा माणूस खेकसला, "आटपा हो, आमच्याकडे चार दिवस पाणी नाही!" ती निघून गेली. मी त्या माणसाचा अर्ज घेतला, शिक्का मारला, उलटा मारला.

रविवारी मी एकटाच त्या गावी गेलो. मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगायचं, मी जज नाही, विषय संपला. हिरव्या खिडकीखालीच दिराचं लोखंडी सामानाचं दुकान, कड्या, बिजागऱ्या, खिळे. मला बघून तो उठूनच उभा राहिला. "या, साहेब, या! चहा सांग रे!"

"मी साहेब नाही. मी नळखात्यात कारकून आहे."

"असाल ना! जज लोकही कुठंतरी नोकरीच करतात."

"अहो, ते नाटक होतं. मी प्रत्येकालाच नाही म्हणतो. तुम्ही वर आला असतात तर तुम्हालाही नाही म्हटलं असतं."

"पण मी आलो नाही," तो गोड हसला. "ती आली. आपल्या माणसानं न्याय केला, साहेब. परका जज असता तर मी मानला नसता."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. दुकानाच्या मागं म्हातारी आई बसली होती, खिळे निवडत. किल्ली तिच्या कमरेला. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "मावशी, तुम्ही तरी ऐका. सून तुमची आहे."

"सून माझी आहे, म्हणून तर मी मध्ये पडत नव्हते," ती म्हणाली. "तिची बाजू घेतली तर मुलगा बोलतो, मुलाची घेतली तर माझं मन खातं. मग तुम्ही सांगितलंत. जजनं सांगितलं, मी कुलूप लावलं. आता मी कशाला मोडू?"

दुकानाशेजारी बसणाऱ्या शिंप्याला विचारलं. तो दातात दोरा धरूनच म्हणाला, "खोली तिचीच आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पत्रे चढवताना मी शिडी धरली होती. पण निकाल झाला ना आता."

बसमध्ये मी डोकं धरून बसलो. मला काही केल्या उलगडा होईना. परका जज नाही म्हणाला, तेव्हा लोकांनी दगड मारले. पावडरवाला नाही म्हणाला, तेव्हा हसले. आणि मी, त्यांच्यासारखाच दिसणारा, त्यांच्यासारखाच बसनं धक्के खाणारा, नाही म्हणालो, तर लोकांनी मान डोलावली आणि कुलूप लावलं! आता ह्याला नाटक पोचलं म्हणायचं की काय म्हणायचं? वडील असते तर त्यांनी तरी काय सांगितलं असतं?

घरी येऊन मुलीला म्हटलं, "तिथं परत प्रयोग लाव. मी या वेळी अर्ज मंजूर करणार."

ती ताडकन उठली. "अजिबात नाही. नाटकानं न्याय वाटायचा नसतो, बाबा. लोक खूश होऊन घरी जातील आणि उद्या सगळं जिथल्या तिथं. त्यापेक्षा चिडू देत."

"कुठं चिडले? दाखव मला एक चिडलेला माणूस! आपण चिडवायला गेलो आणि एका बाईची मशीन कुलपात घालून आलो. तू तुझं शिक्षण तुझ्याजवळ ठेव. मला त्या बाईची किल्ली पाहिजे."

इतकं मोठ्यानं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. ती आत निघून गेली. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याजवळ खाली बसली. डोळे लाल झाले होते. "मला वाटलं होतं ती वर आली म्हणजे आपण जिंकलो," ती म्हणाली. "मी विंगेत हसत होते, बाबा." मग तिनं डायरी काढली आणि पुढच्या महिन्यातला रविवार धरला, दुपारी तीनचा.

या वेळी जीप नाही, सरकारी मुद्रा नाही. आम्ही बसनं गेलो, झगा पिशवीत. सभागृह पुन्हा भरलं. पहिल्या रांगेत दीर, इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारी त्याची आई. म्हाताऱ्याची विहीर गेली ती गेलीच. मग मी विचारलं, "आणखी कुणाचा अर्ज आहे?"

काजवाली उठली. मागच्या वेळी भराभर आली होती, या वेळी सावकाश आली. तेच बोलली, पण कमी शब्दांत. मी उभा राहिलो. हे वाक्य आमच्या घराण्यात कुणी उच्चारलेलं नव्हतं. "अर्ज मंजूर करण्यात येत आहे. खोलीची किल्ली या बाईंना आजच्या आज देण्यात यावी."

 मग पहिल्या रांगेत दीर उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागला. "वा! वा! काय नाटक बसवलंय! मानलं साहेब तुम्हाला!"

त्याच्या मागचा हसला, त्याच्या मागच्यानं टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. एवढ्या टाळ्या माझ्या वडिलांनाही कधी मिळाल्या नव्हत्या. लोक उठले, चपला शोधायला लागले. कुणीतरी म्हणालं, शेवट गोड केला, बरं वाटलं. बाई पिंजऱ्यात उभी होती, तिचे हात कठड्यावरून खाली सुटले होते.

माझा हातोडा वर उचललेला. आणि माझं टाळकं फिरलं. अरे, मागच्या वेळी नाही म्हणालो तर तो निकाल, आणि आज हो म्हणालो तर नाटक? तोच झगा, तोच टोप, तोच मी! मी हातोडा खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. ठोका मारलाच नाही.

दाराशी गर्दी झाली. काका दाराला पाठ लावून उभे.

"उघडा हो, म्हातारबाबा. संपलं नाटक."

"कसलं संपलं? ठोका कुठं पडला?"

"अहो, टाळ्या पडल्या की!"

"टाळ्यांनी कोर्ट उठत नाही," काका म्हणाले. त्यांना कुणी हलवलं नाही, हलवलं असतं तर ते पडलेच असते, आणि तेवढं पाप कुणाला नको होतं. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. दीर ओरडला, "साहेब, मारा आता तो हातोडा! कपडे उतरवा, घरी जा!"

कपडे उतरवा म्हणाला, म्हणून मला सुचलं. एरवी सुचलं नसतं. मी टोप काढला आणि टेबलावर ठेवला. मग झगा काढला. विंगेतून मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा!" तिसऱ्या ठोक्याआधी भूमिका सोडायची नाही, हा नियम माझ्या बापानं रक्त सांडून घातलेला, आणि मी तो गंजिफ्रॉक आणि पँटवर उभा राहून मोडत होतो. लाज वाटत होती. पोटही सुटलेलं दिसत असणार.

"मी नळखात्यात कारकून आहे," मी म्हणालो. "खिडकी क्रमांक चार. मागच्या वेळी ही बाई बोलली ते मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. पण मला एक वाक्य पाठ होतं, ते मी म्हणून टाकलं. हिचं खरं की खोटं, ते मी बघितलंच नाही. कुणाला विचारलंही नाही. माझं चुकलं. ताई, माझं चुकलं."

"हेही नाटकच आहे!" दीर लोकांकडे वळून म्हणाला. "बघताय काय? हेही बसवलेलं आहे!"

 मग मागून त्या शिंप्याचा आवाज आला. "नाटकात जज 'चुकलं' म्हणतो का कधी?"

"बाहेर तरी कुठं म्हणतो?" दुसरा कुणीतरी म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. नाटकात म्हणत नाही, बाहेर म्हणत नाही. मग हा कुठला?"

ते कुणालाच सांगता येईना. मला तर मुळीच नाही. उघड्या दंडांना वारा लागत होता आणि मी नुसता उभा होतो. लोक एकेक करून परत खाली बसायला लागले. शेवटी दारावरचे काका सोडले तर उभे राहिले तीनच जण, मी, पिंजऱ्यातली बाई आणि दीर.

मग म्हातारी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. "मी जजच्या शब्दावर कुलूप लावलं," ती मुलाला म्हणाली. "जज म्हणतो, शब्दच चुकला. मग आता ते कुलूप कुणाच्या शब्दावर आहे? तुझ्या?"

"आई, बस खाली. लोक बघतायत."

"बघू देत. तुझ्या शब्दावर आहे का, ते सांग. चारशे लोक आहेत, सांग त्यांना."

दिरानं लोकांकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट ओढून नीट केला आणि खाली बसला. म्हातारीनं कमरेची किल्ली सोडली. गाठ पक्की होती, तिला बराच वेळ लागला. ती पायऱ्यांपर्यंत आली, वर चढवेना, म्हणून बाई खाली उतरली. म्हातारीनं किल्ली तिच्या हातात दाबली. "मशीनला तेल घाल," म्हणाली. "महिना दीड महिना बंद आहे." आणि दोघी एकमेकींकडे न बघताच बाजूला झाल्या.

बाई दाराशी गेली. काका दाराला पाठ लावून तसेच उभे. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, काकांनी बघितलं, सगळ्या सभागृहानं बघितलं. माझी अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी. ठोका मारला की कोर्ट उठणार, नाटक संपणार, आणि नाटकात मिळालेली किल्ली दीर रस्त्यावर पोचायच्या आत परत घेणार. ठोका मारला नाही तर दार उघडणार नाही. मी हातोड्याकडे बघत राहिलो. बापा, तू नियम केलास, ह्याला काही तोड का नाही ठेवलीस?

काकांनी बराच वेळ वाट बघितली. मग काय वाटलं कोण जाणे, ते बाजूला सरकले, एक फळी उघडली, एक माणूस जाईल एवढीच. "कोर्टाच्या कामाला चालली आहेस," ते म्हणाले. "जा." ती बाहेर पडली आणि काकांनी फळी लावून पुन्हा पाठ टेकली. दीर तिच्या मागं निघाला होता. "तुम्ही बसा," काका त्याला म्हणाले. "कोर्ट उठलं नाही अजून."

चारशे माणसं खिडकीकडे तोंड करून बसली. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे दुकान, दुकानावर हिरवी खिडकी, बंद. मुलगी विंगेतून पुढं आली आणि तिनं माझ्या खांद्यावर झगा टाकला. मी जज होतो की कारकून, ते मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी खरंच सांगू शकलो नसतो. आजही सांगू शकत नाही. खिडकी हलली. अडकली. आतून कुणीतरी जोर लावला आणि दोन्ही फळ्या धाडकन उघडल्या.

ती खिडकीत आली. हातातलं फडकं बाहेर झटकलं, धुळीचा लोट उडाला. मग तिनं रस्त्यावरून थेट आमच्या सभागृहात बघितलं आणि ओरडली, "दादा, उठा आता! लोकांना घरं आहेत!"

मी हातोडा उचलला आणि तीन ठोके मारले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.